जरीनाचाचीचे सोमवारचे केसाडिये

रमजानच्या महिन्यात मी शेजारच्या जरीनाचाचीकडे मीठ चाखायला जाते. हसू नका. हे काम आमच्या घरात बावीस वर्षांपासून आहे आणि माझ्याकडे ते सासूबाईंकडून आलंय.

आम्ही लिंगायत, अंबाजोगाईत आमचं किराणा दुकान. चाचीचे मालक ख्वाजाचाचा बसस्टँडजवळ फळांचा गाडा लावतात. चाची या गल्लीत राहायला आली त्या पहिल्याच रमजानमध्ये तिने डाळीत दोनदा मीठ घातलं. रोजा असल्यामुळे चाखता येत नव्हतं. संध्याकाळी ख्वाजाचाचांनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाई, शांतादेवी, आपली वाटी-चमचा घेऊन चाचीच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. "तुला चाखता येत न्हाई न्हवं? मग आण हिकडं, मी सांगते." तेव्हापासून डाळ, चणे, भजी, उसळ सगळं त्या वाटीतून पास होऊनच पुढे जातं. चिकन-मटण मागच्या पडवीत शिजतं. त्याला चाची अंदाजाने मीठ घालते आणि त्यात आमचा काही संबंध नाही.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना बीपी निघालं. डॉक्टरांनी मीठ तोडलं. आता त्यांना साधं ताकसुद्धा खारट लागतं, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी ते चोख करते. कमी असेल तर कमी, जास्त असेल तर जास्त. मला गोड बोलता येत नाही, आणि मिठाच्या बाबतीत गोड बोलून उपयोगही नसतो.

जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर रोजा मोडत नाही, असं चाचीची नणंद सांगते. चाचीला ते पटत नाही. "माझी जीभ मला ठाऊक हाय," ती म्हणते. "एकदा चव लागली की मी थुंकणार न्हाई."

आता चाचीबद्दल सांगते. तिला एक वाक्य बोलता येत नाही. ते वाक्य म्हणजे, "मला हे येत नाही." एकोणीस वर्षांपासून ती मेडिकल कॉलेजच्या होस्टेलच्या मुलींना डबा देते. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून मुली येतात आणि वाट्टेल ते मागतात. एका पंजाबी मुलीने सरसोंचं साग मागितलं. मोहरीचा पाला मिळाला नाही, तर चाचीने अंबाडीचं केलं. ती मुलगी रडत रडत जेवली. आंबटपणामुळे रडली की आईच्या आठवणीने, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण वाटी चाटूनपुसून रिकामी झाली होती, हे मी स्वतः पाहिलंय.

एके काळी चाळीस डबे होते. मग कॉलेजच्या रस्त्यावर एक कॅफे निघाला, भिंतीवर हिरवं प्लास्टिकचं गवत लावलेला. तिथे पास्ता मिळतो, मोमो मिळतात, आणि खाण्याआधी फोटो काढावाच लागतो. डबे गळायला लागले. चाळीसाचे पंचवीस झाले, पंचवीसाचे बारा. चाचीची मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली आहे. चाचा दिवसभर गाड्यावर असतात. घरात दोन माणसांचा स्वयंपाक म्हणजे अर्ध्या तासाचं काम. चाची एकदा मला म्हणाली होती, "शिवा, हे बारा बी गेले तर मी सकाळी उठून काय करू गं?" मला त्या प्लास्टिकच्या गवताचा राग आला.

तर रविवारी संध्याकाळी, इफ्तार आटोपल्यावर, शाईस्ता आली. ही भिवंडीची मुलगी, डॉक्टर होऊन इंटर्नशिप करते, आणि बारा जणींची पुढारी आहे. रिकामे डबे ठेवले, पण जायला उठेना. ओढणीशी चाळा करत बसली. मी तिथेच होते.

"चाची, राग मानू नका," ती शेवटी म्हणाली. "मुली म्हणतायत की ईदनंतर डबा बंद करू या. कंटाळा आलाय सगळ्यांना. बदल हवाय."

चाचीचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "काय बदल पाहिजे? बोल की."

"तसं नाही चाची..."

"बोल, बोल."

शाईस्ता कसनुशी हसली. "उद्या आम्ही सगळ्या ईदआधी शेवटचं एकत्र आहोत. परवा निम्म्या जणी ईदपर्यंत खेड्यावरच्या ड्युटीला जाणार. सगळ्यांना चिकन केसाडिया खायचाय. पण ते तुम्हाला कशाला त्रास..."

"उद्याच्या इफ्तारला आणते," चाची म्हणाली. "गरम गरम. आणि ते खाऊन मग ठरवा, ईदनंतर काय करायचं ते."

शाईस्ता गेली. चाचीने दार लावलं, माझ्याकडे वळली आणि विचारलं, "शिवा, केसाडिया म्हंजे काय असतंय?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

माझ्या फोनवर आम्ही व्हिडिओ पाहिला. एकदा नाही, सात वेळा. पातळ चपाती, अर्ध्या भागावर किसलेलं चीज, त्यावर चिकनचे बारीक धागे, कांदा, ढोबळी मिरची, वरून पुन्हा चीज. चपाती दुमडायची, तव्यावर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत भाजायची, कापायची, सोबत टोमॅटोची चटणी. व्हिडिओतली बाई कापलेला तुकडा उचलायची आणि चीजच्या तारा लांबच लांब निघायच्या. तारा निघाल्या की चाची दर वेळी "या अल्लाह" म्हणायची.

"अगे, हे तर सोपं हाय," सातव्या वेळी ती म्हणाली. "चपाती मला येते, चिकन मला येतंय, चटणी मला येते. ऱ्हायलं काय? चीज. ते तुमच्या दुकानातून." तिचे डोळे चमकत होते. खरं सांगते, मलाही राहवेना. आयुष्यात चिकनला हात न लावलेली बाई मी, पण त्या रात्री चिकन केसाडियाच्या विचाराने मला झोप येईना.

त्याच रात्री एक करून पाहिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आमच्या फ्रिजमध्ये चीज संपलं होतं. एजन्सीची गाडी सोमवारी दुपारी येते. आणि सोमवारी सूर्य उगवला की चाचीचं तोंड बंद.

सोमवारी गाडी आली तशी मी मालकांच्या हातातून चीजचे डबे काढून घेतले. "अगं, पावतीवर सही तर करू दे," ते ओरडत राहिले. एक वाजता मी वाटी-चमचा घेऊन उंबऱ्यावर हजर.

आणि काय सांगू, त्या घरात नुसती धांदल होती! पडवीत चिकन शिजत होतं. चाची परातीत मैदा आणि गव्हाचं पीठ अर्धंअर्धं मळत होती. टोमॅटो तव्यावर भाजले, साल काढलं, लाल मिरची, जिरं, लसूण, लिंबू घालून वाटले. बारा जणींपैकी दोघी सोमवार पाळणाऱ्या, त्या दिवशी चिकन न खाणाऱ्या. त्यांच्यासाठी राजमा शिजवून ठेचला, वेगळ्या तव्यावर, वेगळ्या उलथन्याने. एकेक गोष्ट माझ्या वाटीत येत होती. पिठाचा छोटासा गोळा लाटून भाजून दिला, मी खाल्ला. "बरोबर." राजमा. "बरोबर." चटणी. "चिमूटभर टाका... हां, आता बरोबर." चीजचा तुकडा. "वा!" मला तर सुट्टीच लागल्यासारखं वाटत होतं.

राहिलं चिकन. त्याचे धागे काढून चाचीने कांद्यावर परतले होते आणि नेहमीसारखं अंदाजाने मीठ घातलं होतं. एरवी ती अंदाजावर निश्चिंत असते. आज मात्र ती पातेल्यासमोर उभी राहून नुसती बघत होती.

"शिवा, कुणाला तरी चाखायला बोलव गं. आज मला भरवसा वाटत न्हाई."

मी बाहेर पडले. परळी इथून जवळ, वैजनाथाचं दर्शन घेणारी सगळी गल्ली. सोमवारी आमच्या भागात चिकन चाखायला माणूस शोधून सापडत नाही. मुसलमान घरांत रोजे, आमची घरं तर बाराही महिने शाकाहारी, आणि जे एरवी बोटं चाटून खातात ते सगळे आज साबुदाण्यावर. शेवटी रिक्षावाला धर्मराज दिसला. हा बोकडाची हाडंसुद्धा सोडत नाही. मी त्याला हात केला.

"धर्मराजभाऊ, एक घास चिकन खाता का?"

त्याने दोन्ही हात कानांना लावले. "वैनी, आज सोमवार हाय! तुमी लिंगायत असून मला बाटवायलाव?"

मी पाय आपटत परत आले. चाचीला सांगितलं, "कुणी न्हाई. तुमचा अंदाज एकोणीस वर्षं चालला, आजबी चालंल."

साडेचार वाजले. चाची म्हणाली, "सोमवारवाल्या पोरींचा एक करून बघू. तू खा." स्वच्छ तवा ठेवला. चपाती, चीज, राजमा, कांदा, मिरची, पुन्हा चीज. दुमडला. तुपाचं बोट फिरवलं. चर्र आवाज झाला, कडा सोनेरी झाल्या. चाचीने सुरीने कापला आणि तुकडा उचलला. तार निघाली! हातभर तार! आम्ही दोघी लहान पोरींसारख्या ओरडलो. मी तो तुकडा चटणीत बुडवला आणि तोंडात टाकला.

खारट.

नुसतं खारट नाही, घशाला झोंबेल असं खारट. चपातीत मीठ, राजम्यात मीठ, चटणीत मीठ, आणि चीज तर जन्मतःच खारट. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी चाखून मी बरोबर, बरोबर म्हणत गेले होते. डाळीला ते जमतं, कारण डाळ एकटीच खातात. चार बरोबर गोष्टी एका घासात आल्या की काय होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बावीस वर्षांत आमच्या वाटीत कधी घडी घातलेला पदार्थ आलाच नव्हता.

चाची माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सांगावं लागलं नाही.

"लई?" तिने विचारलं.

"लई," मी म्हणाले. आणि मला रडू फुटलं. रागाने, दुसऱ्या कशाने नाही. माझ्या एका जिभेपायी त्या बाईचे बारा डबे जाणार होते.

चाची मटकन पाटावर बसली. वीस-बावीस चपात्या लाटून अर्धकच्च्या भाजून ठेवलेल्या. चिकनमध्ये मीठ मुरलेलं, ते काही बाहेर काढता येत नाही. रश्श्यात कणकेचा गोळा सोडता येतो, इथे कुठे सोडणार?

तेवढ्यात माझा आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. "कावून रडायलीस गं? काय झालं?"

मी सगळं सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि मग जे बोलल्या ते माझ्या कानात अजून आहे.

"मंग ह्याच्यात रडायचं काय? दोन वर्षं झाली, मी बिनमिठाचं खायलेय. बिनमिठाच्या पोळीसंगं काय खाल्लं की गोड लागतं, ते ह्या गल्लीत माझ्याबिगर कुणाला ठाऊक हाय? जरीना, ऊठ. नवं पीठ भिजव. मिठाचा डबा उचलून माळ्यावर ठिव."

चाची उठली. मी डोळे पुसले. आत्या घरात गेल्या आणि स्वतःचं पोळपाट-लाटणं काखेत मारून आल्या. गुडघे धरलेली बाई, चाचीच्या पुढच्या अंगणात चटई टाकून बसली आणि लाटायला लागली. आत्यांची पोळी म्हणजे इतकी पातळ की खालचं पोळपाट दिसावं. मी पिठाचे गोळे करून देत होते, चाची भाजत होती. फक्त लाटण्याचा आवाज आणि आत्यांचं अधूनमधून "आटप, आटप!"

चीजचं काय, तर त्यावरही आत्याच बोलल्या. "निम्मं कमी कर. त्याच्या जागी ताजं पनीर घाल, मिठाबिगरचं." पनीर आणायचं कुठून? त्यांनी मला घरात पिटाळलं. सकाळचं तीन लिटर दूध तापवून ठेवलेलं होतं. आमच्या घरातलं दूध चिकनच्या स्वयंपाकात जाणार म्हटल्यावर आत्या क्षणभर थांबल्या, हे मी पाहिलं. लाटणं हातात तसंच राहिलं. मग म्हणाल्या, "आपल्याच चुलीवर नासव. फडक्यात बांधून हिकडं आण. पातेलं घराबाहेर काढू नको." मी लिंबू पिळून दूध नासवलं, फडक्यात बांधलं, पिळलं, आणि गरम गरम गाठोडं घेऊन धावत आले.

पनीर कुस्करून चीजमध्ये मिसळलं. चिकनमध्ये चाचीने उकडलेला मका घातला, बिनमिठाचा, आणि कच्चा कांदा वाढवला. राजम्यातही तेच केलं. मी राजम्याचा एक पूर्ण केसाडिया करून पुन्हा खाल्ला, सगळ्या थरांसकट, चटणीसकट. या वेळी घाई केली नाही. चावला, गिळला, थांबले. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"बरोबर," मी म्हणाले.

"आणि चिकनचं?" चाचीने विचारलं.

ते आता फक्त मुलीच सांगणार होत्या.

सहा वाजले तरी आम्ही भाजतच होतो. तीन शेगड्या, तीन तवे. चाचीच्या कपाळावरून घाम वाहत होता, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि ही बाई हसत होती! एक उलटला की दुसरा, दुसरा उलटला की तिसरा. "शिवा, फॉईल! शिवा, डबा!" मी फॉईलमध्ये गुंडाळून मोठ्या हॉटपॉटमध्ये रचत होते. राजम्याचे चार वेगळ्या डब्यात, वर दोरी बांधून. सांगून ठेवलेली धर्मराजची रिक्षा बाहेर हॉर्न वाजवायला लागली.

"चला चाची," मी म्हणाले.

चाचीने मान हलवली. "मी येत न्हाई. तू जा. त्यांची तोंडं वाकडी झाली तर मला बघवणार न्हाई गं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ही तीच बाई, जिला "येत नाही" म्हणता येत नाही. मी हॉटपॉट मांडीवर घेऊन रिक्षात बसले. धर्मराजने रिक्षा अशी पळवली की खड्ड्याखड्ड्याला माझा जीव वर यायचा.

होस्टेलच्या जेवणाच्या खोलीत बारा जणी सतरंजीवर बसल्या होत्या. खजूर, टरबुजाच्या फोडी, सरबत मांडलेलं. मी डबे ठेवले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. बस म्हणाल्या, मी बसले नाही. बसवतच नव्हतं.

अजान झाली. रोजेवाल्यांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायल्या. मग शाईस्ताने फॉईल उघडली. वाफ आली. तिने एक तुकडा उचलला. तार निघाली, आधीच्याइतकी लांब नाही, पण निघाली. एकीने लगेच फोन काढला. शाईस्ताने तुकडा चटणीला लावून तोंडात घातला.

मी तिच्या कपाळाकडे बघत होते. खारट लागलं की माणसाच्या भुवया आधी हलतात. बावीस वर्षांचा घरातला अनुभव आहे.

भुवया हलल्या नाहीत. तिने दुसरा घास घेतला. तिसरा. बाकीच्यांनीही उचलले. काही बोलेनात! बारा डॉक्टर मुली, एरवी एका वेळी बारा आवाज, आणि खोलीत नुसता कुर्रम कुर्रम आवाज. शेजारच्या खोलीतल्या दोघी, मागच्या वर्षीच डबा सोडलेल्या, वासाने दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी त्यांच्याही हातात तुकडे दिले. त्या उभ्याउभ्याच खायला लागल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. चाची.

"मीठ?" एवढंच विचारलं तिने.

"बरोबर, चाची! एकदम बरोबर!"

"तू कसं काय सांगती? तू तर खाल्लं न्हाई."

"दुसरा संपायला आला, आन् एकीनंबी पाण्याला हात लावला न्हाई! तुमी खाल्ला का?"

"अगे, सगळे तर भरून दिले. एक बी ठेवला न्हाई." मग ती जराशी हसली. "कसा लागतो गं?"

मी हॉटपॉटमध्ये पाहिलं. तळाला नुसती फॉईल होती. जिने दिवसभर उभं राहून ते केलं, तिला त्याची चव ठाऊक नव्हती, आणि मला तर या जन्मात सांगता येणार नव्हती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला.

"चाचीनं चाखला न्हाई," मी म्हणाले. "कसा लागतो ते सांगा गं तिला. नीट सांगा."

बारा जणी एकदम बोलायला लागल्या. कुरकुरीत आहे, चाची. आतून मऊ आहे. मका मस्त लागतोय. चटणी झणझणीत. पनीर कुठून आणलं, कॅफेत असं नसतं. चाची तिकडून एकेकीला थांबवत होती. "हळू बोला गं. मऊ म्हंजे कसा? कच्चा तर न्हाई?" आणि मुली पुन्हा सांगत होत्या, तोंडात घास असतानाच.

शाईस्ता सगळ्यात शेवटी फोनजवळ सरकली. ओढणीला हात पुसले.

"चाची," ती म्हणाली, "ईदनंतर दुपारचा डबा किती वाजता येईल?"

पलीकडे तवा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नेहमीच्याच टायमाला," चाची म्हणाली. "साडेबाराला. खाली येऊन उभ्या ऱ्हावा, उशीर करू नका."